पिकअपचा गंज आणि कंपनीची जबाबदारी

(नारायणगाव इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



विषय ऐकून दोघातिघांनी मला आधीच विचारलं, की गंजावर तासभर काय बोलणार? लोखंड आहे, गंजणारच. बरोबर आहे. पण इथल्या टोमॅटो मार्केटमध्ये पिकअपची रांग लागते ना, तिथे एकदा खाली वाकून बघा. एकाच वर्षी पासिंग झालेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीचा हौदा नुसता खरचटलेला असतो. दुसरीच्या फाळक्याच्या खालच्या कडेला बोट लावलं तर पापुद्रा हातात येतो. दोन्हींवर पाऊस तोच, रस्ता तोच. मग फरक कशानं पडला? मालकानं काळजी घेतली नाही, की माल तसा भरला, की कंपनीनं पत्रा आणि रंग कमी पडेल असा दिला? या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, की दुरुस्तीचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार.

आणि खर्च साधा नाही. जुन्नर-आंबेगावात पिकअप म्हणजे शेताचा एक भाग आहे. ओतूरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, मंचर-घोडेगावकडचा बटाटा, भाजीपाला, दूध, खताच्या गोण्या, झालंच तर लग्नाचं सामान, सगळं तिच्यावर. गाडी बहुतेक वेळा फायनान्सवर घेतलेली असते. चार-पाच वर्षं हप्ते जातात. खरी कमाई सुरू होते ती हप्ते संपल्यावर. आणि चेसिस खाणारा गंज नेमका त्याच काळात डोकं वर काढतो, सातव्या, आठव्या, दहाव्या वर्षी. ही वर्षं लक्षात ठेवा, कारण पुढे कायद्याकडे वळलो की याच आकड्यांशी गाठ पडणार आहे.

आधी थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, थोडंच.

लोखंडाला गंजायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. पाण्यात मीठ किंवा आम्ल असेल तर काम झपाट्यानं होतं, कारण तसं पाणी वीज चांगली वाहून नेतं. गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. पत्र्याच्या एका ठिकाणचं लोखंड विरघळतं, तिथून निघालेले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेतो. एका पत्र्यावर एक छोटी बॅटरीच तयार होते म्हणा.

आता यातली गंमत बघा. चेसिसवर चिखलाचा गोळा बसलाय. गोळ्याच्या बाहेर हवा भरपूर आहे, आत कमी. तुम्हाला वाटेल, जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. होतं उलटं! जिथे हवा कमी, म्हणजे चिखलाखाली, तिथलं लोखंड झिजतं आणि बाहेरचं शाबूत राहतं. म्हणून वरून धड दिसणारा पत्रा चिखल खरवडला की चाळणीसारखा निघतो. हौद्यात कायम अंथरलेली रबराची मॅट, तिच्याखाली अडकलेला ओला पाला, दोन पत्र्यांच्या जोडातली फट, सगळीकडे हाच प्रकार. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो, वरचा रंग उचलतो, पोपडे धरतात आणि पाण्याला आणखी आत वाट मिळते.

अमेरिकेत, युरोपात पिकअप गंजतात त्याचं मोठं कारण रस्त्यावरचं मीठ. बर्फ वितळावा म्हणून तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे ते नाही, समुद्रही घाटाखाली राहिला. मग आपल्या गाड्या का गंजतात? कारण मीठ आपण स्वतः हौद्यात भरतो.

लाल पोटॅश घ्या, म्युरेट ऑफ पोटॅश. ते पोटॅशियम क्लोराइड आहे. वजनानं जवळपास निम्मं क्लोराइड. खायच्या मिठातला लोखंडाला छळणारा भाग तोच. एक गोणी फाटली, मूठभर खत कोपऱ्यात सांडलं, झाडलं नाही, आणि वर पावसाची सर आली, की त्या कोपऱ्यात समुद्राचं पाणी साठवल्यासारखंच झालं. टोमॅटोचं कॅरेट दबलं की रस गळतो. त्याचा सामू साधारण चार ते साडेचार, म्हणजे चांगलाच आंबट. सांडलेलं दूध आंबतं, त्यातून लॅक्टिक आम्ल येतं. कोंबडखतात अमोनिया आणि क्षार दोन्ही असतात आणि ते ओल धरून ठेवतं. याच गाडीतून वाशीच्या मार्केटला फेऱ्या होतात, तिथे खाडीची खारी हवा मिळते. आणि परत आल्यावर गाडी धुतो कशानं? बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं! शिवाय आपले दोन्ही तालुके पश्चिमेला एक आणि पूर्वेला वेगळे आहेत. माळशेजकडे किंवा भीमाशंकर-आहुपे पट्ट्यात पावसाळाभर गाडी कोरडी होतच नाही. पूर्वेच्या बाजूला ती दिवसाआड वाळते. कोरडा काळ जितका जास्त तितका गंज कमी. शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांतला फरक बऱ्याच वेळा यातच असतो.

आणखी एक कारण आहे, ते थोडं नावडतं. आपण गाडी घेतली की पहिल्या महिन्यात फॅब्रिकेशनवाल्याकडे नेतो. कॅरेट जास्त बसावीत म्हणून जाळी उंच करतो, चेसिसला अँगल जोडतो, पाटे वाढवतो. वेल्डिंगनं बाहेरचा रंग जळतो, तो परत मारता येतो. पण आतल्या बाजूचा रंगही जळतो आणि बंद पोकळीत ब्रश जात नाही. त्या जागी आतून गंज सुरू झाला तर बाहेर दिसायला काही वर्षं जातात. आणि कंपनीच्या माणसाला 'नाही' म्हणायला ते वेल्डिंग पुरेसं असतं.

आता कंपनीच्या बाजूनं बघू. तिथे काय करतात? केबिनचा सांगाडा आधी धुतात, त्यावर फॉस्फेटचा थर देतात आणि मग तो अख्खा रंगाच्या टाकीत बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. कारखान्यात त्याला ईडी कोट म्हणतात. विजेमुळे रंग कोनाकोपऱ्यात ओढला जातो. हा थर साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ, पण गंज रोखण्याचं खरं काम तोच करतो. वरचा पांढरा रंग मुख्यतः दिसायला आणि उन्हापासून बचावाला. काही ठिकाणी पत्राच जस्ताचा मुलामा दिलेला वापरतात. घराच्या जीआय पत्र्यासारखं, जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. चेसिसचा काळा रंग बरेचदा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पद्धतीनं दिला जातो, कारण चेसिस हा अनेक वेळा पुरवठादाराकडून येणारा भाग असतो. हे लक्षात ठेवा.

मग चाचणी. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी सगळीकडे वापरतात: ३५ अंश सेल्सियसला, ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं, शेकडो तास. ऐकायला कडक वाटते. पण या चाचणीत नमुना सतत ओला असतो. आपली गाडी ओली होते, वाळते, पुन्हा ओली होते, दगडांचे टोले खाते, ओझ्यानं पिळली जाते आणि जोडाजवळ रंगाला बारीक तडे जातात. म्हणून हल्ली ओलं-कोरडं चक्र असलेल्या चाचण्या जास्त विश्वासाच्या मानतात. लाल पोटॅश आणि कोंबडखत मात्र कुठल्याही ठरावीक चाचणीत नसतं.

आणि वॉरंटी? पुस्तिका उघडून गंजाचं कलम वाचा. साधारणपणे तिथे वातावरण, क्षार, खत, रसायनं, मालाची गळती यांमुळे होणारा गंज वगळलेला असतो. जिथे गंजाची वेगळी हमी देतात, तिथेही ती 'आतून बाहेर भोक पडलं तर' अशी असते. बाहेरून आत गेलेला गंज मालकाचा, आतून बाहेर आलेला कंपनीचा. या वाटणीमागे तर्क आहे, कारण आतल्या बाजूला मालक पोचूच शकत नाही. आपल्या शेजारी चाकणला पूर्वी तयार होणाऱ्या फोक्सवॅगनच्या पोलो मोटारीला अशी भोक पडण्याविरुद्धची हमी ६ वर्षांची होती. माल वाहणाऱ्या गाड्यांना एवढी उदार हमी सहसा मिळत नाही, आणि माझ्या मते हे उलटं आहे. दिवाणखान्यासारखी जपलेली मोटार सुरक्षित, आणि जिच्यावर पोट चालतं ती उघडी.

कंपन्या गंजाची जबाबदारी कधी घेतात, हे समजायला जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण बघावं लागेल. ते टोयोटाचं आहे, आणि पिकअपचंच आहे.

अमेरिकेत टोयोटाची टॅकोमा नावाची पिकअप फार खपायची. १९९५ ते २००० सालच्या गाड्यांच्या चेसिसला भोकं पडायला लागली. फाळका किंवा मडगार्ड नव्हे, थेट चेसिस. सुरुवातीला उत्तर काय असणार? रस्त्यावरचं मीठ, वापर, वय. पण तक्रारी वाढत गेल्या आणि २००८ साली कंपनीनं मान्य केलं, की या चेसिसला गंजापासून पुरेसं संरक्षण मिळालेलं नाही. सुमारे ८ लाख गाड्यांच्या चेसिसची हमी वाढवून पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं केली, किलोमीटरची अट न ठेवता. आणि ज्या गाड्या दुरुस्त होण्यापलीकडे गेल्या, त्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत विकत घेतल्या! आठ-दहा वर्षं वापरलेली, गंजलेली गाडी, आणि दीडपट भाव. पुढे २००१ ते २००४ च्या गाड्यांनाही ही मोहीम लागू झाली, तेव्हा चेसिस बदलून देण्यावर भर होता.

२००९ साली टोयोटाच्याच टुंड्रा या मोठ्या पिकअपबद्दल सरकारी रिकॉल झाला. मागची आडवी पट्टी गंजून स्टेपनी रस्त्यावर पडू शकते, हे कारण. मागून मोटारसायकलवाला येत असेल तर काय होईल, विचार करा. एवढी गोष्ट झाल्यावर गंज हा गाडीच्या देखणेपणाचा विषय राहिला नाही, तो इतरांच्या जिवाचा झाला. माझ्या मते कंपनीचं वागणं बदलतं ते इथे. तरीही २००५ नंतरच्या गाड्यांबद्दल मालकांना एकत्र येऊन कोर्टात जावं लागलं. २०१६ साली तडजोड झाली. सुमारे १५ लाख गाड्या, अंदाजे ३.४ अब्ज डॉलरपर्यंत किंमत. चेसिस तपासायचा, आणि १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक सापडलं तर अख्खा चेसिस बदलून द्यायचा.

मघाशी म्हटलं, चेसिस पुरवठादाराकडून येतो. टॅकोमाचा चेसिस डेना नावाच्या कंपनीनं बनवला होता. टोयोटा आणि डेना यांचा आपसातला हिशोब २०११ मध्ये २.५ कोटी डॉलरवर मिटला. पण ग्राहकाला कुणी 'डेनाकडे जा' असं सांगितलं नाही. गाडीवर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची. आपल्याकडे शोरूममध्ये 'तो पार्ट आमचा नाही' असं ऐकायला मिळालं तर हे आठवा.

आता आपल्याकडे काय? रिकॉल होतात. जुलै २०२१ मध्ये महिंद्रानं २९,८७८ पिकअप तपासणीसाठी बोलावल्या होत्या. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या गाड्या. द्रवाच्या एका पाइपची जोडणी नीट झाली नसावी अशी शंका होती. चांगलं केलं. पण बघा, जोडणीतली चूक वर्ष-दीड वर्षात कळते. गंजातली चूक कळायला दशक लागतं.

आणि इथे कायद्यात मोठी फट आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. गाडीतल्या दोषामुळे चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर केंद्र सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं. कंपनीनं गाडीची पूर्ण किंमत द्यायची, किंवा तशीच किंवा त्याहून चांगली गाडी द्यायची, किंवा दुरुस्त करून द्यायची. कायदा दमदार आहे. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, दंड १ कोटी रुपयांपर्यंत. पण त्यात एक अट आहे: गाडी बनल्यापासून सात वर्षांच्या आतली हवी.

सात वर्षं! टॅकोमाच्या १९९५ सालच्या गाड्यांना २००८ मध्ये, म्हणजे तेराव्या वर्षी न्याय मिळाला. आपल्या नियमात त्या बसल्याच नसत्या. दुसरीकडे आपलंच परिवहन खातं काय म्हणतं? मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दर वर्षी. म्हणजे आठ वर्षांनंतर गाडी जास्त धोक्याची होते, हे सरकारला मान्य आहे. मालकावर तपासणी वाढते, आणि कंपनीवरचं रिकॉलचं बंधन त्याच्या एक वर्ष आधीच संपलेलं असतं. निदान चेसिस, ब्रेकच्या नळ्या, स्टेपनीची पट्टी अशा सुरक्षेच्या भागांसाठी ही मुदत १५ वर्षं व्हायला हवी असं मला वाटतं.

तोवर हातात काय आहे? ग्राहक आयोग. इथे एक गैरसमज आहे, की पिकअप धंद्याची गाडी, तिला ग्राहक कायदा लागत नाही. अर्धंच खरं आहे. व्यापारी हेतूनं घेतलेली वस्तू वगळली आहे, पण स्वतःच्या रोजगारातून केवळ उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहकच, मदतीला एकदोन माणसं असली तरी. पण पाच गाड्या घेऊन पाच ड्रायव्हर ठेवले, तर ते अवघड. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आणि उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नुसतं 'बघा साहेब, किती सडलंय' चालत नाही. म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगपासून खालच्या बाजूचे तारखेसह फोटो काढून ठेवा. पोपडा दिसला की जॉबकार्डवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. हमीच्या काळात लिहिलेली एक ओळ नंतरच्या दहा भांडणांपेक्षा उपयोगी.

मी इथे थांबतो, प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: आम्ही दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारतो. बरोबर आहे का?

गंज काही प्रमाणात थांबतो, खोटं नाही. पण त्यानं रबराचे बुश आणि ब्रेकचे होज खराब होतात, धूळ चिकटून तिचा थर बसतो, आणि ते ठिबकून शेतात, ओढ्यात जातं. त्याऐवजी चेसिसच्या पोकळीत मेणाचं अंडरकोटिंग फवारून घ्या. त्याआधी चेसिसच्या खालच्या बाजूची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करा. ती मुद्दाम ठेवलेली असतात. चिखलानं बुजली की चेसिस पाण्याची टाकी होतो.

प्रश्न: हिरड्याच्या पाण्यानं गंज काळा पडतो असं आमच्या वडिलांकडून ऐकलंय. त्यात तथ्य आहे का, दादा?

आहे! हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन आणि गंज यांचा संयोग होऊन निळसर काळा, न विरघळणारा पदार्थ तयार होतो. जुनी काळी शाई याच तत्त्वावर व्हायची, आणि बाजारातली काही 'रस्ट कन्व्हर्टर' रसायनं टॅनिनचीच असतात. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या लोकांनी गोळा केलेल्या हिरड्यात ते आहेच. पण नुसता काढा मारून भागत नाही. सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढायचा, मग तो थर, आणि त्यावर प्रायमर व रंग. वर रंग नसेल तर एका पावसाळ्यात पुन्हा मूळ पदावर.

प्रश्न: खोडदच्या दुर्बिणीची जाळी इतकी वर्षं गंजत नाही. कंपन्या हौदा तसाच स्टीलचा का करत नाहीत?

जीएमआरटीच्या ताटल्या ४५ मीटर व्यासाच्या आहेत, पण त्यांची जाळी स्टेनलेस स्टीलच्या अगदी बारीक तारेची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिच्यावर कुणी कॅरेट ओढत नाही. हौद्याला जाड पत्रा लागतो, किंमत कितीतरी वाढेल. आणि स्टेनलेस पत्रा साध्या लोखंडाला जोडला, तर ओलाव्यात जोडाजवळचं साधं लोखंड उलट लवकर झिजतं. तळाला जस्ताचा पत्रा आणि जाड रंग, हे आपल्या खिशाला परवडतं.

प्रश्न: जुनी पिकअप घ्यायची आहे. काय बघू?

हौदा शेवटी बघा, तो नवा करता येतो. आधी गाडी रॅम्पवर चढवा आणि छोट्या हातोडीनं चेसिस हळूहळू ठोकत जा. मागच्या पाट्यांचे हँगर, स्टेपनीची पट्टी, क्रॉस मेंबरचे जोड, इथे जास्त वेळ द्या. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा खपल्या पडल्या, तर भाव करू नका, सोडून द्या. ताजा काळा रंग मारलेला चेसिस दिसला तर दुप्पट ठोका. आणि आधीच्या मालकाला विचारा, गाडीत काय भरायचा. कांदा म्हणाला तर बरं. खत किंवा कोंबडखत म्हणाला, तर केबिनच्या मागची, हौद्याच्या पुढच्या भिंतीखालची फट टॉर्च लावून बघा.